साहेबांची सफरचंदं

साहेब काचघरात शिरले तेव्हा काचमावशी उपड्या बादलीवर बसून सफरचंद खात होती. हे तिसरं. आधीच्या दोन्हींचे देठ आणि बिया तिनं कागदावर नीट मांडून ठेवल्या होत्या, कारण चोरून खाल्लं असं उद्या कुणी म्हणायला नको. पाय पसरलेले, बाह्या कोपरापर्यंत सारलेल्या, आणि चेहरा असा की कामाच्या वेळी साहेबांनी आणलेली फळं खाणं हेसुद्धा तिच्या कामांपैकीच एक असावं.

साहेबांनी आधी तिच्याकडे पाहिलं, मग मधल्या ओट्यावरच्या झाडाकडे. काल संध्याकाळी त्यांनी स्वतः उभं राहून पहारेकऱ्याकडून त्या झाडावर प्लास्टिकचा तंबू बांधून घेतला होता आणि आत बारा पिकलेली सफरचंदं ठेवली होती. आता तंबूची घडी कोपऱ्यात होती, दोरी गुंडाळून तिच्यावर ठेवली होती, आणि उरलेली नऊ सफरचंदं पाटीत घालून दाराबाहेर काढली होती.

"मावशी, हे काय चाललंय?"

"खातेय," मावशी म्हणाली. "गोड आहेत चांगली. एक कापून देऊ का?"

साहेब वयानं तिच्या मुलीएवढे. माणूस वाईट नव्हता, हे मावशीही कबूल करायची. सकाळी सगळ्यांच्या आधी यायचे, माळ्यांना अहो-जाहो करायचे, बागेतल्या झाडांवर पुस्तकं मागवून रात्रंदिवस वाचायचे. फक्त वाचलेलं लगेच करून बघायची घाई फार. रागावले की आधी त्यांचे कान लाल व्हायचे आणि आवाज मागाहून चढायचा, त्यामुळे समोरच्याला तयारीला पुरेसा वेळ मिळे. मावशीनं तेवढ्यात हातातलं सफरचंद संपवून टाकलं.

तंबूचं प्रकरण असं होतं. काचघराची दुरुस्ती संपत आली होती. नव्या काचा, नवे ओटे, नवे नळ. अडीच महिन्यांनी मोठ्या लोकांच्या हस्ते उद्घाटन ठरलं होतं आणि निमंत्रणपत्रिका छापूनही आली होती. तिच्यावर याच जातीच्या फुललेल्या झाडाचं चित्र होतं: माणसाच्या दुप्पट उंचीचा लालभडक दांडा आणि त्याला दोन्ही बाजूंनी फुटलेले फुलोरे. खाली लिहिलं होतं, 'पाव शतकानंतर प्रथमच बहर'. हे वाक्य साहेबांचं. बहराला मात्र कुणी विचारलं नव्हतं.

झाडाला पिकलेल्या फळाजवळ कोंडलं तर फळातून सुटणाऱ्या वायूनं ते फुलायला लागतं, हे साहेबांनी पुस्तकात वाचलं होतं. ते खरंही होतं. अननसवाले आपलं सगळं शेत एकदम फुलावं म्हणून असलंच काहीतरी करतात. साहेबांनी मावशीला तंबू बांधायला सांगितलं, तिनं नाही म्हणून सांगितलं, तेव्हा त्यांनी पहारेकऱ्याला बोलावलं. आणि आज सकाळी कुलूप उघडल्याबरोबर मावशीनं आधी तंबू सोडला, सगळे झरोके उघडले आणि मग न्याहारीला बसली.

"उद्घाटनाला फूल पाहिजे मावशी. मी शब्द दिलाय वर."

"मला विचारून दिला असता तर बरं झालं असतं."

"झाड सव्वीस वर्षांचं आहे. अजून किती वाट बघायची?"

"वय झालेलं नाही तिचं," मावशी उठत म्हणाली. "मधली पानं बघा. अजून लांबच लांब येतायत. फुलायचं मनात आलं की ती आखूड यायला लागतात. अजून दोन वर्षं आहेत, कदाचित तीन."

 मग साहेबांनी असा प्रश्न विचारला, की तो त्यांनी मुद्दाम राखून ठेवला होता की सहज सुचला, हे मावशीला नंतर कितीही विचार करून ठरवता आलं नाही.

"चार महिन्यांनी तुम्ही निवृत्त होताय. इतकी वर्षं सांभाळलंत. हिचं फूल न बघताच जाणार?"

  मावशीनं कागद उचलला, बियांसकट त्याची पुडी केली आणि ती खिशात घातली.

काचमावशी हे नाव तिला बागेतल्या लोकांनी दिलं होतं. चोवीस वर्षांच्या नोकरीतली तेवीस तिनं या काचेच्या घरात काढली होती. थंडीत सगळे तिच्याकडे ऊब घ्यायला यायचे आणि उन्हाळ्यात तिच्या वाटेला कुणी फिरकायचं नाही. आत दमट गरमी इतकी की नव्या माणसाचा चष्मा दारातच आंधळा व्हायचा. मावशीला त्याचं काही वाटत नसे. बाहेरची हवाच तिला अंगाला कोरडी लागे.

आणि ओट्यावरचं ते झाड म्हणजे थोरली. हे नाव मावशीनं दिलेलं. पाटीवर ब्रोमेलियाड असं लिहिलेलं होतं आणि खाली एक लांबलचक नाव, जे मावशी बिनचूक म्हणायची पण फक्त तपासणीच्या दिवशी. एरवी पाहुण्यांना ती सांगायची की ही अननसाची चुलत बहीण. दूरच्या पावसाळी जंगलात ही झाडं मोठ्या झाडांच्या खांद्यावर नाहीतर उघड्या कातळावर बसून वाढतात. तिथे माती कुठली असायला? म्हणून मुळांचं काम नुसतं धरून ठेवायचं. प्यायचं ते पानांनी. रुंद पानं बुडाशी एकात एक इतकी घट्ट बसलेली असतात की मधे पेला तयार होतो. पाऊस त्यात साठतो, वाळकं पान पडतं, किडामुंगी बुडते, सगळं कुजतं, आणि पानांवरच्या बारीक खवल्यांनी झाड ते पिऊन टाकतं. ज्या खोडावर बसायचं त्याच्या रसाला मात्र हात लावायचा नाही. मावशीला हे फार आवडायचं. नवरा गेल्यावर ती लहान मुलीला घेऊन दिरांच्या घरी एका खोलीत राहिली होती, आणि तिथे तिनं भिंतीला खिळा ठोकायलासुद्धा कधी परवानगी मागितली नाही. जे लागायचं ते बाहेरून कमावून आणायची.

थोरलीच्या पेल्यात आणि पानांच्या बेचक्यांत मिळून दीड बादली पाणी मावायचं. तेही नळाचं चालायचं नाही, कारण नळाच्या पाण्यानं पानांवर पांढरा थर बसतो आणि ते खवले बुजतात. छपरावरचं पावसाचं पाणी टाकीत साठवलेलं असे, ते पंपवाला वर चढवून द्यायचा आणि मावशी ते झारीनं पेल्यात ओतायची. नवा माणूस हमखास कुंडीतल्या मातीत पाणी ओते. मग मावशी त्याच्या हातातली झारी काढून घ्यायची आणि विचारायची, तुला तहान लागली की तू पाय धुतोस का.

या झाडाला फूल येतं ते आयुष्यात एकदा. फूल आलं की मोठं झाड वर्ष-दोन वर्षांत सावकाश वाळून जातं, आणि जाता जाता बुडाशी पिल्लं सोडून जातं. पिल्लं वाढतात, त्यांची वेळ झाली की तीही फुलतात. वेळेवर फुललेलं झाड असं जातं. वेळेआधी फुललेलं कसं जातं, ते त्या अख्ख्या बागेत एकट्या काचमावशीला ठाऊक होतं. ती ते गेली एकवीस वर्षं कुणाला बोलली नव्हती.

दुपारी तिच्या हातात नोटीस पडली. वरिष्ठांचा आदेश मोडला, सरकारी कामासाठी आणलेलं साहित्य खाऊन नष्ट केलं, याचं कारण तीन दिवसांत लेखी द्यावं. शिपायानं नोटीस देताना 'खाऊन नष्ट केलं' हे दोनदा वाचून दाखवलं आणि हसू दाबत निघून गेला. पंपवाल्यानं सांगितलं की उत्तरात माफी लिही, चार ओळी, विषय मिटेल. पंपवाला तिच्याच बरोबरीचा, पुढच्या वर्षी निवृत्त होणारा, आणि आयुष्यात कुणाशी न भांडता इथवर आलेला माणूस. तंबू पुन्हा बांधतील तेव्हा डोळे मिटून घे, असं तो म्हणाला.

तंबू त्या दिवशी बांधला गेला नाही. नव्या पेटीभर सफरचंदांची मागणी गेली होती आणि तिच्यावर सही व्हायला सोमवार उजाडणार होता. म्हणजे मावशीकडेही तीन दिवस होते.

घरी मुलगी ड्यूटीवरून आली होती. रुग्णालयात परिचारिका, सकाळची पाळी, त्यामुळे संध्याकाळी मायलेकी दोघी असायच्या. मावशीनं नोटीस तिच्यासमोर ठेवली. मुलीनं वाचली आणि आधी पोटभर हसून घेतलं.

"किती खाल्लीस गं?"

"तीन. दुपारी आणखी दोन. उरलेली वाटली."

"आई, तुला खरंच फूल बघायचं नाहीये?"

मावशी भाजी चिरत होती. सुरी थांबली. बघायचं नव्हतं कसं? रोज सकाळी कुलूप उघडताना ती आधी थोरलीच्या मध्यात डोकावायची, एकही दिवस न चुकता, आणि मधलं पान नेहमीसारखंच लांब दिसलं की थोडी खट्टू व्हायची. जीव तुटत होता तिचा त्या फुलासाठी. तिनं मुलीला तसं सांगितलंही. "बघायचंय. फार बघायचंय," ती म्हणाली. "म्हणून तर भीती वाटते. सोमवारी तंबू बांधला आणि मी गप्प बसले, तर फुलासाठीच गप्प बसले असं होईल."

मग तिनं जे आजवर कुणाला सांगितलं नव्हतं ते मुलीला सांगितलं.

एकवीस वर्षांपूर्वी ती रोजंदारीवर होती. तेव्हाच्या मुकादमबाबांनी परदेशातून आलेल्या बियांपासून या झाडांची चाळीस रोपं वाढवली होती. पाच वर्षांची झाली तरी जेमतेम पंज्याएवढी. काचघरामागच्या बंद खोलीत ती फळ्यांवर ओळीनं मांडलेली असत आणि खोलीची किल्ली मावशीकडे. एकदा चार दिवसांची सुट्टी जोडून आली. जाण्याआधी मावशीनं खोली स्वच्छ केली, गारठा लागू नये म्हणून झरोके बंद केले, दाराखालच्या फटीत पोतं दाबलं आणि कुलूप लावलं. लेकीसाठी घेतलेला पिकलेल्या केळ्यांचा मोठा घड मात्र फळीखाली राहिला. परत आली तेव्हा केळी काळी पडली होती. तिनं ती खड्ड्यात टाकली आणि विसरून गेली.

दोन महिन्यांनी खोलीतल्या सगळ्या रोपांना दांडे फुटले. बोटाएवढे, लालचुटूक. लोक बघायला आले, वरून शाबासकी आली, मावशीची नोकरी त्या शाबासकीवर कायम झाली. मग रोपं मधून वाळायला लागली. मुकादमबाबा रोज बुडाशी बोट घालून पिल्लू चाचपायचे. एकालाही पिल्लू आलं नाही. एवढ्याशा अंगात जे होतं ते सगळं फुलावर खर्च झालं होतं, मागे ठेवायला काही उरलंच नव्हतं. सात महिन्यांत एकोणचाळीस रोपं गेली. चाळिसावं वाचलं, कारण त्याची कुंडी फुटली होती आणि त्या सुट्टीत ते बाहेर अंगणात एका ओंडक्याला बांधून ठेवलेलं होतं.

"मुकादमबाबांनी एकदाच विचारलं, खोलीत काय ठेवलं होतंस. मी म्हटलं, केळी. दिवसभर बोलले नाहीत माझ्याशी. संध्याकाळी नोंदवहीत लिहिलं, कारण कळले नाही. आणि मला म्हणाले, एक राहिलंय, ते तू बघ."

 केळी आपल्यासाठी आणलेली होती, हे मुलीच्या ध्यानात आल्याचं मावशीला दिसत होतं.

"मग आता हे लिहून देणार आहेस?" तिनं विचारलं. "चार महिने राहिलेत. मुकादमबाबा गेले, वही कुणी उघडत नाही. आपल्याच पायावर कशाला धोंडा मारून घेतेस? नुसतं सांग ना त्यांना, की लवकर फुललं तर पिल्लं येत नाहीत."

"सांगितलं. ते म्हणतात, पुस्तकात तसं नाही. मला कसं माहीत हे विचारतात. काय सांगू?"

"स्वप्नात आलं म्हणून सांग."

"ते त्यांच्या पुस्तकात नसेल," मावशी म्हणाली, आणि दोघींना हसू आलं. पण सुरी पुन्हा चालायला लागली तेव्हा मावशीचं ठरलेलं होतं. मुलगी सतरा वर्षांची असताना जावेनं तिच्यासाठी स्थळ आणलं होतं, घर चांगलं, मुलगा चांगला. शिक्षण पुरं झाल्याशिवाय नाही, एवढंच मावशी म्हणाली होती आणि त्यावरून जाऊ तिच्याशी वर्षभर बोलली नव्हती. त्या वेळी मावशीचा चेहरा असाच दिसला होता. मुलीनं तो ओळखला आणि कागद-पेन आणून दिलं.

उत्तर पानभर झालं. मावशीचं शिक्षण सातवीपर्यंतचं, पण अक्षर गोल आणि ठसठशीत.

'मी साहेबांची सफरचंदे खाल्ली हे खरे आहे. एकूण पाच खाल्ली, सात वाटली. तंबूही मीच सोडला. झाडाची वेळ झालेली नाही. वेळेआधी फुलवले तर ते मागे पिल्लू न ठेवता मरते. हे मला माहीत आहे कारण एकवीस वर्षांपूर्वी एकोणचाळीस झाडे माझ्या हातून अशीच मेली. बंद खोलीत मी पिकलेली केळी विसरले होते. नोंदवहीत कारण कळले नाही असे लिहिले आहे. कारण मी आहे. तेव्हा माझ्याकडून चुकून झाले आणि मी गप्प बसले. आता तेच मुद्दाम होणार आहे, म्हणून सांगते. पुन्हा तंबू बांधला तर मी पुन्हा सोडीन.'

खाली सही आणि तारीख. माफी हा शब्द कुठे नव्हता. मुलीनं तो घालायला सुचवलं, तर मावशी म्हणाली की ज्यांची मागायची ती एकोणचाळीस आता ऐकायला नाहीत.

सोमवारी सकाळी तिला कार्यालयात बोलावलं. साहेबांसमोर तिचं उत्तर होतं, बाजूला कोठीतून शोधून आणलेली जुनी नोंदवही. शेजारी सल्लागार बाई बसल्या होत्या. या वनस्पतिशास्त्राच्या निवृत्त प्राध्यापिका, महिन्यातून एकदा बागेत यायच्या, कमी बोलायच्या आणि सगळी झाडं भिंगातून बघायच्या. साहेबांनीच त्यांना बोलावलं होतं, फोन करून, त्यांचा ठरलेला दिवस नसताना. मावशीला हे नंतर कळलं आणि तिला साहेबांबद्दल जरा बरं वाटलं.

"यावर सही तुमची आहे?" साहेबांनी विचारलं.

"अक्षरही माझंच आहे."

"हे लिहिलं नसतंत तर कुणाला कधी कळलं नसतं, हे माहितीय ना?"

"मला कळतच होतं की."

बाई वही वाचत होत्या. मुकादमबाबांनी प्रत्येक रोपाची नोंद ठेवली होती: दांडा कधी दिसला, मधलं पान कधी पिवळं पडलं, पिल्लू नाही, पिल्लू नाही, पिल्लू नाही. तीन पानं तेच. बाईंनी चष्मा काढून पुसला आणि साहेबांना सांगितलं की कोवळ्या वयात फुलवलं तर पिल्लं येतीलच असं नाही, असा इशारा त्यांनीही कुठेतरी वाचला होता, पण एकोणचाळीस झाडांची अशी नोंद त्यांनी कुठेही पाहिली नव्हती. "आपण दोघांनी वाचलंय," त्या म्हणाल्या. "यांच्या हातून झालंय. मी यांचं ऐकेन."

साहेबांचे कान लाल झाले, पण आवाज चढला नाही.  नवी पेटी परत पाठवा, असं त्यांनी शिपायाला सांगितलं. मग ते मावशीकडे वळले आणि जे सांगायचं होतं ते त्यांना सांगवेना. शेवटी टेबलावरचा कागद सरळ करत त्यांनी सांगितलं की झाडाला कुणी हात लावणार नाही. पण लेखी कबुली आली म्हणजे त्यावर काहीतरी करावंच लागतं. सेवापुस्तकात नोंद होईल. आणि ज्याच्या हातून एवढं नुकसान झालं त्याला काचघरात ठेवता येणार नाही, वरून विचारणा झाली तर उत्तर द्यावं लागेल. राहिलेले चार महिने मावशीनं खतखड्ड्यावर काम करावं. काचघरात जायचं नाही.

मावशीला वाटलं होतं की पगारवाढ अडवतील, ताकीद देतील. हे वाटलं नव्हतं.  तिनं कमरेची किल्ली काढली आणि टेबलावर ठेवली.

"पाणी पावसाचं," ती म्हणाली. "पेल्यात, मातीत नाही. पडलेली वाळकी पानं पेल्यातून उपसायची नाहीत, ते तिचं जेवण आहे. आणि आत कुणी फळं खायची नाहीत. मीसुद्धा आजवर एकदाच खाल्ली."

साहेबांनी ते सगळं खरोखरच कागदावर लिहून घेतलं.

खतखड्डा काचघराच्या मागेच होता. वाळका पाला, गवत, छाटलेल्या फांद्या, सगळं तिथे येऊन पडे. उलथापालथ करायची, ओलं ठेवायचं, तयार झालं की चाळायचं. हवा तशी मोकळी, आणि मावशीला दोन आठवडे नुसत्या शिंका येत होत्या. तिच्या जागी हिरवळीवरचा माळी आला होता. पहिल्याच दिवशी त्यानं कुंडीत पाणी ओतलं, ते तिनं बाहेरून काचेतून पाहिलं आणि अशी ओरडली की तीन वाफ्यांपलीकडचे लोक उठून उभे राहिले. आत जायचं नाही असा हुकूम होता, ओरडायचं नाही असा नव्हता. त्यानंतर तो तिला विचारून पाणी घालायला लागला. रोज सकाळी काचेपलीकडून मधल्या पानाकडे बोट करायचा आणि हातानं लांबी दाखवायचा. लांबच होतं.

उद्घाटनाच्या दिवशी मावशीनं सुट्टी घ्यावी असं साहेबांनी सुचवून पाहिलं. तिनं घेतली नाही. पुढच्या दारानं मोठे लोक आले, फीत कापली, टाळ्या वाजल्या, त्या तिला खड्ड्यावर ऐकू आल्या. मग सामान्य लोकांना सोडलं. बाहेर पडायची वाट मागच्या दारानं, म्हणजे खतखड्ड्यावरून होती, त्यामुळे आत काय वाटलं ते प्रत्येक जण मावशीसमोरूनच बोलत गेला. काचा छान आहेत. गरम फार होतं. त्या पत्रिकेवरचं फूल कुठे होतं? नुसती पानंच तर आहेत. फसवलं. मावशी चाळण हलवत राहिली. प्रत्येक 'फूल नव्हतं' तिला गोड लागत होतं.

शेवटी एक म्हातारे गृहस्थ काठी टेकत एकटेच बाहेर आले. त्यांच्या हातात निमंत्रणपत्रिका होती, मधोमध घडी पडलेली. त्यांनी खड्ड्याजवळ उभं राहून ती उघडली, चित्र बघितलं, आणि मावशीला विचारलं की हे फूल कुठल्या बाजूला आहे, आपल्याला आत सापडलं नाही, डोळे हल्ली नीट काम देत नाहीत.

"आलेलं नाही अजून," मावशी म्हणाली.

"केव्हा येईल?"

"दोन वर्षांनी. तीनही लागतील. तिच्या मनात येईल तेव्हा."

म्हाताऱ्यांनी पत्रिकेची घडी पुन्हा घातली. "तोपर्यंत मी काही थांबत नाही," ते म्हणाले. तक्रारीचा सूर नव्हता त्यांचा, हवापाण्याबद्दल बोलावं तसं बोलले.

मावशीला त्यांच्याबद्दल वाईट वाटलं. इतका वेळ इतक्या लोकांची निराशा तिनं मजेत ऐकली होती, पण हा माणूस घरून एवढं चालत आला होता आणि त्याचा दांडा तिनं पाच सफरचंदं खाऊन थांबवला होता. त्याचा आणि स्वतःचाही.  आपण केलं ते बरोबरच केलं, याबद्दल तिला अजूनही तिळभर शंका नव्हती. फक्त बरोबर करूनही इतकं दुखतं हे तिला ठाऊक नव्हतं.

"मीही नसणार तेव्हा," ती म्हणाली. "माझे सहा आठवडे राहिलेत इथे. पण आला आहात तर तसे जाऊ नका. परत आत जा. मधल्या ओट्यावर झाड आहे ना, त्याच्या पेल्यात वाकून बघा. वरून. लोक नुसते लांबून बघतात."

"पेल्यात काय आहे?"

"तुम्हीच बघा की."

म्हातारे थोडे घुटमळले. मग, एवढं म्हणतेय तर बघू, अशा चेहऱ्यानं मागच्याच दारानं पुन्हा आत गेले. मावशीनं हात झटकले आणि काचेजवळ जाऊन उभी राहिली. हुकूम दाराच्या आतल्या बाजूचा होता, काचेपर्यंत जायला कुणाची ना नव्हती.

आत ते ओट्यापाशी पोचलेले दिसले. काठी त्यांनी कठड्याला लावली, दोन्ही हात ओट्यावर टेकले आणि थोरलीवर वाकले. आत त्यांना काय दिसत असेल ते मावशीला न बघता सांगता आलं असतं: पाण्यात आलेलं छपराच्या काचेचं आभाळ, बुडाशी दोन कुजकी पानं, एखादा पाणकिडा, आणि तळातून सरळ वर येत असलेलं एक नवं, फिकट हिरवं, लांब पान. हिरवळीवरचा माळी त्यांना बाजूला घ्यायला पुढे झाला. मावशीनं काचेवर बोटानं टकटक केलं आणि मान हलवून त्याला थांबवलं.

म्हातारे बराच वेळ तसेच वाकून होते.

मावशी खड्ड्यापाशी परत आली. अजून अर्धा ढीग चाळायचा बाकी होता. तिनं फावडं भरून घेतलं.